आधी जागा रिकामी करावी लागते

एसएसडी विकत घ्यायला निघालेल्या माणसाची नजर आधी खोक्यावरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते. ५५०, ३,५००, ७,०००, आता तर १४,००० एमबी प्रति सेकंद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदारही त्याच आकड्यावर बोट ठेवतो, आणि दोन ड्राइव्हच्या किमतीत पाचसातशे रुपयांचाच फरक असेल तर गिऱ्हाईक मोठ्या आकड्याची उचलते. त्या आकड्यात खोटे काही नसते. पण त्यावरून ड्राइव्हचा स्वभाव कळत नाही. स्वभाव कळायचा तर आतल्या चिपची एक अडचण नीट समजून घ्यावी लागते. तिच्यावर जे लिहिले आहे त्याच्याच जागी दुसरे काही लिहिता येत नाही. आधीचे पुसावे लागते, आणि हे पुसणे थोडेथोडके करता येत नाही. केवढी एसएसडी घ्यावी, कोणत्या प्रकारची घ्यावी, जास्तीचे पैसे कशासाठी मोजावेत, यांची जवळजवळ सगळी उत्तरे या एका अडचणीत आहेत.

तिच्याकडे वळण्याआधी तो मोठा आकडा निकालात काढू.

हार्ड डिस्क फिरते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचे, म्हणजे चार मिलिसेकंद गेलेच. हेड योग्य जागी सरकायला लागणारा वेळ त्यात मिळवला, की माहितीचा एक तुकडा शोधून आणायला दहाबारा मिलिसेकंद होतात. सेकंदाला असे शंभरेक तुकडे. संपली तिची ताकद. जुन्या लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कची तर त्याहून दैना. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान लहान फाइली इथूनतिथून गोळा कराव्या लागतात, म्हणून बटण दाबून चहा टाकायला जायची सवय लोकांना लागली. एसएसडीत फिरणारे काही नसल्यामुळे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याच्याही आत हाती येतो. दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये साधी साटा एसएसडी टाकली तरी तो नवा झाल्यासारखा वाटतो, तो या शंभरपट फरकामुळे. आणि हा फरक स्वस्त पण धड असलेल्या कुठल्याही एसएसडीत पदरात पडतो.

त्यापुढचे आकडे मुख्यतः जोडणीची कमाल मर्यादा सांगतात. साटा या जुन्या जोडणीची मर्यादा ६०० एमबी, म्हणून त्या खोक्यांवर ५५० किंवा ५६०. पीसीआय एक्सप्रेस या नव्या जोडणीच्या तिसऱ्या पिढीवर चार लेन वापरणाऱ्या एनव्हीएमई ड्राइव्हला ३,५००, चौथ्या पिढीवर ७,०००, पाचव्या पिढीवर १४,०००. एकच भलीमोठी फाइल सलग वाचली, तीही एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत लावून, तर हे वेग दिसतात. ब्राउझर उघडणे, टॅलीत व्हाउचर टाकणे, मेल शोधणे या कामांत ड्राइव्ह एकामागून एक लहान तुकडे वाचते, आणि तिथे ७,०००चा शिक्का असलेली ड्राइव्हसुद्धा बहुधा सेकंदाला शंभर एमबीच्या आतच असते. तिसऱ्या पिढीची जाऊन पाचव्या पिढीची आली, हे घरातल्या माणसाला घड्याळ लावून बसल्याशिवाय कळणार नाही. ड्राइव्ह गरम झालेली मात्र कळेल.

आता ती अडचण.

फ्लॅश मेमरी ही तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची कल्पना. १९८४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार, जो आज प्रत्येक एसएसडीत आणि मोबाइलमध्ये आहे. विजेने पुसता येणारी मेमरी त्याआधीही होती. तिच्यात एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसता येई, पण त्यासाठी प्रत्येक सेलला दोन ट्रान्झिस्टर लागत आणि चिप महाग पडे. मासुओकांनी सोय सोडली आणि स्वस्ताई घेतली. एकेक बाइट पुसण्याचा हट्टच सोडला, तर एका सेलला एक ट्रान्झिस्टर पुरतो. म्हणजे आपण जिला अडचण म्हणतो आहोत, तिच्यामुळेच ही वस्तू आपल्या खिशाला परवडते.

सेल म्हणजे निरोधक थरात बंदिस्त केलेली एक बारीक जागा. वीस व्होल्टच्या आसपास दाब दिला की इलेक्ट्रॉन तो थर पार करून आत जातात आणि वीज गेली तरी तिथेच अडकून राहतात. हे झाले लिहिणे. पुसायचे म्हणजे त्यांना बाहेर ओढायचे. त्यासाठीचा उलटा दाब सेलच्या खालच्या बाजूने द्यावा लागतो, आणि ती खालची बाजू हजारो सेलांना सामाईक असते. म्हणून लिहिणे पेजपेजने होते, एक पेज साधारण १६ केबीचे. पुसणे मात्र अख्ख्या ब्लॉकचे, आणि ब्लॉक कित्येक एमबीचा. वाचायला मायक्रोसेकंद, लिहायला त्याच्या कित्येक पट, पुसायला मिलिसेकंद.

मुंबईकराला हे लवकर पटावे. चाळीतल्या एकट्या खोलीचा पुनर्विकास होत नाही. होतो तो अख्ख्या चाळीचा. जे भाडेकरू अजून राहत आहेत त्यांना आधी संक्रमण शिबिरात हलवायचे, मग चाळ पाडायची, मग रिकाम्या भूखंडावर नवे बांधायचे. एसएसडीत हेच अहोरात्र चालू असते. एखाद्या फाइलमधली एक ओळ बदलली की कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप, जुन्या पेजला हात लावत नाही. नवी ओळ दुसऱ्याच एखाद्या रिकाम्या पेजवर लिहितो आणि जुन्यावर ‘बाद’ अशी नोंद करतो. अशी बाद पेजे एखाद्या ब्लॉकमध्ये पुरेशी साठली, की उरलेली जिवंत पेजे दुसरीकडे हलवायची आणि तो ब्लॉक पुसायचा. आपण लिहिले एक, चिपवर लिहिले गेले दीड किंवा दोन. आणि शिबिरात जागाच शिल्लक नसेल तर? काम अडते. काठोकाठ भरलेली एसएसडी अडखळू लागते ती याच कारणाने.

ही शिबिराची जागा थोडी कारखान्यातूनच राखून ठेवलेली असते. एक टीबीच्या ड्राइव्हमध्ये चिपा सहसा १,०२४ जीबीच्या, तेही दोनाच्या घातांत मोजलेल्या. आपल्या हाती येतात दहाच्या घातांतले १,००० जीबी. विंडोज तेच पुन्हा दोनाच्या घातांत मोजून ९३१ दाखवते, आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला जाते. भांडण चुकीच्या माणसाशी आहे, कारण ९३१ हा निव्वळ मोजण्याच्या एककाचा फरक. पण त्याच एककात चिपा १,०२४च्या आणि दिसतात ९३१, म्हणजे सुमारे नऊ टक्के जागा खरोखरच आपल्यासाठी, आपल्या नकळत राबत असते. बाकीची सोय ट्रिम नावाच्या आज्ञेने होते. आपण फाइल उडवली की कार्यप्रणाली ड्राइव्हला कळवते, ‘ही पेजे आता कोणाची नाहीत.’ विंडोजमध्ये ही आज्ञा २००९ च्या विंडोज ७ पासून आली. ती नसती तर कंट्रोलर मेलेल्या फाइलीही जिवंत समजून इकडून तिकडे वाहत बसला असता.

म्हणून माझा पहिला सल्ला आकारमानाचा. हातातल्या पैशांत एक तर पुढच्या पिढीचा वेग मिळतो किंवा पुढचे आकारमान. डोळे मिटून आकारमान घ्यावे. स्वस्त लॅपटॉपमधून येणारी २५६ जीबीची ड्राइव्ह विंडोज, त्याचे अपडेट आणि मोबाइलमधून उतरवलेले फोटो यांनी वर्ष-दोन वर्षांत गळ्यापर्यंत येते, आणि मग तिची हलवाहलवीची जागा संपते. मोठ्या ड्राइव्हमध्ये चिपाही जास्त असतात आणि कंट्रोलर त्यांच्यावर एकाच वेळी लिहू शकतो, त्यामुळे एकाच मॉडेलची छोटी आवृत्ती लिहिण्यात मंद आणि मोठी वेगवान, हे सर्रास दिसते. जाहिरातीतला आकडा बहुधा मोठ्या आवृत्तीचा असतो आणि खाली बारीक टाइपात तसे लिहिलेलेही असते.

सगळा मजकूर असा सतत जागा बदलत असेल तर कोण कुठे गेले याची वही लागणारच. ही वही दर टेराबाइटमागे जवळपास एक जीबीची होते. चांगल्या ड्राइव्हमध्ये तिच्यासाठी डीरॅमची वेगळी चिप असते. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती नसते. तिथे एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्याच रॅममधला छोटा कोपरा उसना घेतात, आणि घरगुती वापराला तेवढे पुरते. साटा ड्राइव्हला ही उसनवारीची सोय नाही. तेव्हा जुन्या लॅपटॉपसाठी साटा एसएसडी घ्यायची तर डीरॅमवाली घ्यावी, एनव्हीएमईत डीरॅम नसली तरी फार मनाला लावून घेऊ नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पुढच्या मुद्द्यावर, म्हणून इथे जरा थांबू. एका सेलमध्ये किती बिट ठेवायचे? एकच ठेवायचा तर ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’ एवढे दोनच स्तर ओळखायचे असतात. ही एसएलसी. तीन बिट ठेवायचे तर आठ स्तर, ही टीएलसी. चार बिट म्हणजे सोळा स्तर, ही क्यूएलसी. सेल तोच, त्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची सोळा वेगवेगळी मापे न चुकता ओळखायची. चार बिट लिहिताना दाब अगदी हलक्या हाताने, टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो, म्हणून लिहिणे मंदावते. आणि दर खेपेला इलेक्ट्रॉन त्या निरोधक थरातून आरपार जातात तेव्हा थर थोडा झिजतो. एसएलसी लाखभर वेळा पुसता येई, टीएलसी हजार ते तीन हजार वेळा, क्यूएलसी त्याहूनही कमी.

मग क्यूएलसीच्या खोक्यावरसुद्धा ५३० एमबी प्रति सेकंद कसे काय छापतात? तर रिकाम्या सेलांपैकी काहींत कंट्रोलर तात्पुरता एकेकच बिट भराभर लिहितो आणि पुढे फुरसतीने तो मजकूर चारचार बिटांत बसवतो. या तात्पुरत्या जागेला कॅश म्हणतात. ती आहे तोवर ड्राइव्ह धावते. ती संपली की खरी चाल उघडी पडते. सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओ या ड्राइव्हच्या माहितीपत्रकात हे प्रामाणिकपणे छापले आहे: १ टीबीच्या आवृत्तीत कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी, त्यानंतर लिहिण्याचा वेग ८० एमबी. इतर कंपन्यांनीही असे छापावे अशी माझी फार इच्छा आहे.

लग्नाचे शूटिंग करणारा छायाचित्रकार घ्या. रात्री घरी येऊन तो २०० जीबीचे फुटेज या ड्राइव्हवर उतरवतो आहे, आणि जिथून उतरवतो ते माध्यमही चपळ आहे असे धरू. पहिले ४२ जीबी दीड मिनिटाच्या आत जातात, त्याला वाटते काम फत्ते. उरलेले १५८ जीबी ८० एमबीच्या चालीने जायला सुमारे ३३ मिनिटे लागतात. सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या साध्या हार्ड डिस्कवर हेच सगळे २२ मिनिटांत उरकले असते! आणि ही ड्राइव्ह रिकामी असतानाची गोष्ट. कॅश रिकाम्या सेलांतूनच निघते, त्यामुळे ड्राइव्ह भरत आली की कॅशही आक्रसते. उलट याच ड्राइव्हवर गाणी, सिनेमे, जुने फोटो ठेवायचे असतील, म्हणजे एकदा लिहून पुष्कळदा वाचायचे असतील, तर क्यूएलसीला नाव ठेवायला जागा नाही. वाचण्यात ती फारशी कमी पडत नाही. माझ्या मते संगणकाच्या मुख्य ड्राइव्हसाठी टीएलसी, आणि कोठारासाठी हवी तर क्यूएलसी. पण क्यूएलसी टीएलसीच्या भावात विकत असतील तर तिच्याकडे बघूही नये, आणि असे पुष्कळदा असते.

झिजण्याचा विषय निघाला की लोक घाबरतात. एके काळी एसएसडीवर ब्राउझरची कॅश ठेवू नका, पेजफाइल बंद करा असे सल्ले फिरत असत. हिशेब साधा आहे. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला कंपनी ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. खोक्यावर ती टीबीडब्ल्यू या नावाने असते. घरगुती वापरात रोज ३० जीबी लिहिले गेले, आणि तेही पुष्कळ झाले, तरी २०,००० दिवस लागतील. पन्नासहून जास्त वर्षे. ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात २४० ते २५६ जीबीच्या बाजारात मिळणाऱ्या सहा एसएसडी रात्रंदिवस लिहून लिहून मारल्या. सहाही ७०० टेराबाइटच्या पुढे गेल्या आणि एकीने २.४ पेटाबाइटपर्यंत तग धरला. तेव्हा नेहमीच्या वापरासाठी दोन ड्राइव्हमध्ये निवड करताना टीबीडब्ल्यूचा आकडा आयुष्य मोजायला वापरू नये. त्याचा दुसरा उपयोग आहे: आतला माल ओळखणे. त्याच सॅमसंगच्या १ टीबी क्यूव्हीओला हमी ३६० टेराबाइटची आहे. खोक्यावर टीएलसी की क्यूएलसी हे लिहिलेलेच नसेल आणि हमीचा आकडा भावंडांपेक्षा बराच खाली असेल, तर काय ते समजावे.

एसएसडी मरते ती बहुधा झिजून नव्हे. मरतो तो कंट्रोलर, नाहीतर चुकते त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्यात भरलेला प्रोग्राम. हलवाहलव, वही, पुसापुशी हा सगळा कारभार फर्मवेअर पाहते, आणि ते बिघडले की चिपा धडधाकट असूनही मजकूर सापडत नाही. २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइजने सर्व्हरसाठीच्या आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता की ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, त्या बंद पडतील आणि आतली माहितीही जाईल. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. गणित जाणणाऱ्याला मोजणी कुठे चुकली ते त्या आकड्यातच दिसेल. उपाय नव्या फर्मवेअरचा होता. तेव्हा कंपनी निवडताना ती फर्मवेअरची दुरुस्ती देते का आणि ती चढवण्याचे साधन देते का, हे पाहणे चिपांच्या वेगापेक्षा महत्त्वाचे. भारतात पाच वर्षांच्या हमीवर ड्राइव्ह बदलून मिळते का आणि कुठे, हे दुकानातच विचारावे.

खाचेची गोष्ट थोडक्यात. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा. नव्याला एम.२, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, बहुधा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. काही छोट्या यंत्रांत ३० मिमीचीच बसते. एम.२ हे नुसते आकाराचे नाव आहे. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि एकीच्या खाचेत दुसरी चालेलच असे नाही. मॉडेल क्रमांक घालून लॅपटॉपचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. चौथ्या पिढीची ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या खाचेत खुशाल चालते, फक्त तिसरीच्या वेगाने.

एक चीड आणणारी गोष्ट सांगायची राहिली. नाव तेच, खोके तेच, आणि आतल्या चिपा बदललेल्या. २०२१ मध्ये एकाहून अधिक नावाजलेल्या कंपन्यांच्या बाबतीत हे उघडकीला आले. एका बाबतीत तर टीएलसीच्या जोरावर परीक्षणे चांगली आली आणि पुढे त्याच नावाखाली क्यूएलसी निघाली. म्हणून दोन वर्षांपूर्वीचे परीक्षण वाचून आजची ड्राइव्ह घेऊ नये. आणि दोनतीन हजारांत मिळणारी ‘१६ टीबी’ची बाहेरून जोडायची एसएसडी तर घेऊच नये. आत एखादे मेमरी कार्ड असते आणि आकारमान खोटे सांगणारे फर्मवेअर. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि यादीत मात्र सगळ्या शाबूत दिसतात. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून, परत वाचून पाहतो. जुनी एसएसडी घेत असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती टीबी लिहिले गेले आणि किती तास चालली ते दिसते.

राहिला बॅकअप. हार्ड डिस्कवर फाइल उडवली तरी तिचा मजकूर वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा तिथेच असतो, म्हणून डेटा परत काढून देणाऱ्यांचा धंदा चालतो. एसएसडीवर ट्रिमची आज्ञा गेली की त्या पेजांची हमी नाही. कंट्रोलर सवडीने ब्लॉक पुसून टाकतो, आणि मग कोणाच्याही हाती काही लागत नाही. शिवाय अडकवलेले इलेक्ट्रॉन कायम अडकलेले राहत नाहीत. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार हमीइतकी लिहून झिजलेली घरगुती एसएसडी वीज न देता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर राखू शकली पाहिजे. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त राखते, पण उष्णतेने हा काळ घटतो, आणि मे महिन्यात नागपूरच्या बंद घरातले कपाट ३० अंशांवर थांबत नाही. म्हणून लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकल्यावर काढलेली हार्ड डिस्क भंगारात देऊ नये. ती कुरकुरत नसेल तर चारपाचशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून महिन्यातून एकदा तिच्यावर फोटो आणि कागदपत्रांची नक्कल उतरवावी. एसएसडी अचानक गेली, तर निदान तेवढे हाताशी राहते.